साडेतीनशे किलो

गेल्या डिसेंबरात मिक्काबीच्या एका उतारावर मिकानचं एक भरलेलं कॅरेट ट्रकवर चढलं आणि लगेच खाली उतरलं. गोष्ट एवढीच. मिकान म्हणजे छोटी, सैल सालीची संत्री. जपानमधल्या हामामात्सु शहराच्या वायव्येला, हामाना सरोवराच्या वरच्या अंगाला मिक्काबी आहे आणि तिथले सगळे डोंगरउतार याच झाडांनी भरलेत. आमच्या भाड्याच्या घरामागची बाग ज्यांची आहे ते गृहस्थ ऐंशीकडे झुकलेत. गल्लीतले सगळे त्यांना ओजीसान म्हणतात, म्हणून मीही म्हणते. डिसेंबरात आओशिमा जातीची फळं उतरवायची घाई असते. प्रत्येक फळ कात्रीने दोनदा कापायचं, एकदा फांदीपासून आणि मग देठ अगदी फळालगत, नाहीतर देठाचं टोक शेजारच्या फळाला टोचतं आणि साठवणीत अख्खा थर नासतो. हातांना सालीच्या तेलाचा वास, बोटं गारठलेली, पायाखाली ओलं गवत. त्या रविवारी माझा सांगलीकडचा मावसभाऊही मदतीला आला होता. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तो इकडे आलाय आणि सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून त्याचा जीव कंटाळतो. ओजीसानांचा छोटा, पांढरा सुझुकी कॅरी ट्रक दोन दगडी बांधांच्या मधून उलटा आत आला, मागचं फळकूट खाली पडलं आणि भावाने कॅरेटं चढवायला सुरुवात केली. एक कॅरेट भरलं की साधारण २० किलोचं. सतरा झाली. अठरावं त्याने वर ठेवलं, तेव्हा ओजीसान आले, काही न बोलता ते उचलून खाली गवतावर ठेवलं, फळकूट लावलं, दोन्ही बाजूंच्या कड्या खटाखट अडकवल्या आणि गाडी सुरू करून निघून गेले. फळकुटावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: जास्तीत जास्त भार, ३५० किलो.

भावाने माझ्याकडे बघितलं. "ताई, एवढ्यानं काय हुतंय?" ज्याच्या गावात गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या निम्मा रस्ता अडवून, दोन्ही बाजूंनी पाचट लोंबवत जातात, त्याला अठराव्या कॅरेटाचं काय वाटणार! ओजीसानांची शेड तिथून हाकेच्या अंतरावर आहे. रस्त्यावर पोलीस नाही, माणूसही नाही. पण मला हसू आलं नाही. मी मनात गुणाकार करत होते, सतरा विसे तीनशे चाळीस.

हा आकडा ठरवला कोणी?

त्यानंतर माझ्या डोळ्यांना तो आकडा सगळीकडे दिसायला लागला. सिग्नलला थांबलं की पुढच्या छोट्या ट्रकच्या पाठीवर ३५०. सुपरमार्केटच्या बाहेर ३५०. टोफूवाल्याचा, इलेक्ट्रिशियनचा, देवळाबाहेर पानं गोळा करणाऱ्याचा, सगळ्यांचा ३५०. सुझुकी असो, दाइहात्सु असो, सुबारू असो, आकडा तोच. या गाड्यांच्या नंबरप्लेट पिवळ्या असतात. आल्या आल्या मला वाटलं होतं की या देशात टॅक्सी फार आहेत, कारण आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. इथे पिवळी पाटी म्हणजे 'केई', सर्वांत छोट्या वर्गाची घरगुती गाडी. तिच्यासाठी कायद्याने एक खोका आखून दिलेला आहे: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी. या खोक्यात बसलात तर कर कमी, विमा कमी, आणि खेड्यांत तर गाडी उभी करायला जागा आहे असा दाखलाही बहुतेक ठिकाणी लागत नाही. एक सेंटिमीटर बाहेर गेलात की सगळं गेलं. त्यामुळे सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जपानमधले हुशार इंजिनिअर त्या सेंटिमीटरच्या अलीकडे आपली हुशारी लावत आलेत.

खोका पहिल्यांदा आखला गेला १९४९ मध्ये, आणि तेव्हा तो हास्यास्पद म्हणावा इतका लहान होता. इंजिन १५० सीसी, रुंदी एक मीटर. त्यात मोटारसायकलपलीकडे काही बसेना. मग तो वर्षा-दोन वर्षांत ढिला करत करत ३६० सीसीवर आणला, आणि तिथे तो वीस वर्षं थांबला. १९७६ मध्ये ५५० झाला, १९९० मध्ये ६६०. लांबी-रुंदीही थोडी थोडी वाढली, शेवटची १९९८ मध्ये, टक्कर झाली तर आतला माणूस वाचावा म्हणून. इंजिन वाढलं, गाडी वाढली, आत बसणारी माणसंही पूर्वीपेक्षा उंच झाली. पण १९६१ च्या पहिल्या कॅरीचा भार ३५० किलो होता, आणि ओजीसानांच्या गाडीच्या पाठीवरही ३५०च आहे. एवढ्या वर्षांत सगळं हललं आणि नेमकी हीच एक गोष्ट जागची हलली नाही, हे मला कळल्यावर जरा गंमत वाटली आणि जरा भीतीही.

हामामात्सुला सुझुकीचं इतिहास संग्रहालय आहे. तिथे पहिल्यांदा भेटतात ते हातमाग, कारण मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये सुरुवात मागांपासून केली. गाडी खूप पुढची, १९५५ ची सुझुलाइट. मागाच्या लाकडाला हात लावायची परवानगी नाही, पण जवळ उभं राहिलं की तेल आणि जुन्या लाकडाचा वास येतो, आणि इचलकरंजीला आत्याकडे जाताना गल्लीगल्लीतून ऐकू येणारा खडखडाट आठवतो. दोन धाग्यांमधलं अंतर मोजत आयुष्य काढलेल्या लोकांना खोक्यात गाडी बसवणं जमलं, यात मला नवल वाटलं नाही.

युद्धानंतरच्या जपानात मालवाहतूक म्हणजे सायकलच्या मागे जोडलेली दोनचाकी गाडी. साके विकणारा, तांदूळ विकणारा, बर्फवाला, सगळे पायडल मारत. त्यांच्यासाठी दाइहात्सुने १९५७ मध्ये मिजेट आणली: तीन चाकं, स्कूटरसारखं हँडल, एकट्यापुरती सीट, २४९ सीसीचा एकच सिलिंडर. केई गाडीचं लायसन्स तेव्हा सोळाव्या वर्षी मिळत होतं, त्यामुळे दुकानातली पोरंसुद्धा ती चालवायची. मिजेट खूप चालली, पण वळणावर जरा जोर केला की तिचा तोल जायचा. आणि मग सगळ्यांना चौथं चाक हवंसं वाटायला लागलं. पुण्यात टाटांची माणसं एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बनवताना तीनचाकी टेम्पोवाल्यांशी बोलत फिरली होती, तेव्हा एकाने सांगितलं म्हणे की चारचाकी असती तर गावात लग्नाला बरं स्थळ आलं असतं. जपानमधल्या बर्फवाल्यालाही १९६० च्या सुमारास असंच काही वाटत असणार. कारण १९६० मध्ये दाइहात्सुची हायजेट आली, १९६१ मध्ये सुबारूची सांबर (हो, आपलं जंगलातलं सांबर, त्याच्यावरूनच) आणि त्याच वर्षी सुझुकीची कॅरी. वर्ष-दीड वर्षात तीन गाड्या, आणि तिन्ही नावं पन्नास वर्षांहून जास्त टिकली.

इथून पुढचा भाग मला कादंबरीसारखा वाटतो. खोका ठरलेला, सीसी ठरलेले, भार ठरलेला. मग भांडायला उरलं काय? इंजिन कुठे ठेवायचं, एवढंच. कॅरीने ते माणसाच्या बुडाखाली घातलं. सुबारूने आपल्या छोट्या ३६० मोटारीचं मागचं इंजिन तसंच उचलून ट्रकच्या शेपटीत बसवलं, मागच्या चाकांच्याही मागे. आणि होंडाने, तेही तसं हामामात्सुचंच लेकरू, ते मध्ये आडवं निजवलं. होंडाची गोष्ट तर भन्नाटच. १९६१ च्या आसपास सरकारच्या मनात आलं की मोटारी बनवणाऱ्या कंपन्या आधीच फार झाल्यात, नव्यांना मज्जाव करावा. सोइचिरो होंडा तोवर फक्त मोटारसायकली बनवत होते. दार बंद व्हायच्या आत एक तरी चारचाकी रस्त्यावर आणायची म्हणून त्यांनी घाई केली, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये होंडाची पहिली चारचाकी बाजारात आली ती स्पोर्ट्स कार नव्हे, टी३६० नावाचा ट्रक. पण त्याच्या पोटात इंजिन होतं स्पोर्ट्स कारचं. ३५४ सीसी, चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, वर दोन कॅमशाफ्ट, आणि ८५०० आरपीएमला ३० हॉर्सपॉवर. तेव्हाची कॅरी २१ वर समाधानी होती. कोबी घेऊन बाजारात निघालेला शेतकरी आणि मागून रेसिंगच्या गाडीचा आवाज, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला हसू आवरत नाही. तो कायदा पुढे झालाच नाही. ट्रक मात्र झाला, आणि एक लाखावर विकला गेला. घाईघाईत, रागाने आणि थोड्या मस्तीने केलेली कामंही कधीकधी उभी राहतात, फक्त हिशेबाच्या वहीत ती शोभत नाहीत. होंडाने नंतर साधे, मवाळ ट्रक बनवले, आणि २०२१ मध्ये छोटे ट्रक बनवणंच थांबवलं.

सुबारूची गोष्ट आमच्या गल्लीतच घडते. ओजीसानांच्या समोर राहणारे गृहस्थ सांबरवाले. सुबारूने स्वतःची सांबर बनवणं २०१२ मध्ये बंद केलं. आता त्या नावाने मिळते ती मुळात दाइहात्सुची हायजेट. म्हणून समोरचे गृहस्थ आपली जुनी सांबर देवासारखी जपतात. त्यांचं म्हणणं, इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे रिकामी गाडीसुद्धा ओल्या चढाला नख रोवते, आणि आवाज मागे राहतो म्हणून पुढे बसून रेडिओ ऐकता येतो. लोक तिला शेतरस्त्यावरची पोर्शे म्हणतात, कारण पोर्शेचंही इंजिन मागेच. ओजीसानांचं म्हणणं, पोर्शेत मिकान कोण भरतं? दोघांचं हे भांडण माझ्या आधीपासून चालू आहे आणि माझ्यानंतरही चालेल. मला एक मात्र कबूल करायला हवं की सांबरशी माझीही थोडी ओळख आहे. या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा सामान आणलं 'आकाबो'च्या माणसाने. स्टेशनवरच्या लाल टोपीच्या हमालांवरून नाव घेतलेली ही छोट्या मालवाहतूकदारांची सहकारी संघटना, १९७५ पासूनची. प्रत्येकाची आपली एक गाडी, आपणच ड्रायव्हर आणि आपणच हमाल. सुबारू त्यांच्यासाठी खास मजबूत केलेली सांबर बनवून द्यायची. त्या माणसाने आमचा फ्रीज, गाद्या, पुस्तकं आणि पितळी डबा असं सगळं इतक्या घट्ट रचलं की मी बघतच राहिले. एकही गोष्ट दुसऱ्या फेरीसाठी उरली नाही. तेव्हा मी आकड्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता वाटतं, त्याने मनातल्या मनात वजन नक्की केलं असणार.

कॅरी मी पहिल्यांदा चालवली ती ओजीसानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या शरद ऋतूत. दार उघडलं, वर चढले, आणि पार्श्वभागाला ऊब लागली. सीटखाली इंजिन. क्षणभर मी मिक्काबीत नव्हतेच. लहानपणी आमच्या शाळेची मारुती व्हॅन होती. पुढच्या सीटवर बसायला आम्ही भांडायचो आणि मे महिन्यात तीच सीट नको नको व्हायची, खाली निखारे ठेवल्यासारखी. ती व्हॅन कॅरीचीच बहीण. १९७९ साली जपानात आलेल्या कॅरीच्या पिढीवरून ती बेतली होती, १९८४ मध्ये भारतात आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ पर्यंत ती बनत राहिली. जपानमध्ये त्या पिढीची गाडी केव्हाच रस्त्यावरून नाहीशी झाली, पण आपल्याकडे ती पस्तीस वर्षं शाळेची पोरं, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, पेशंट आणि हिंदी सिनेमातले अपहरण झालेले लोक वाहत राहिली. ३५० किलो? भावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या व्हॅनमधी सतरा पोरं आन् दप्तरं. तू मोज." त्याला उत्तर नव्हतं.

गिअरचा दांडा लांब, क्लच हलका, सीट सरळ उभी. ती मागे झुकत नाही, कारण मागे लगेच पत्रा आहे. समोर बॉनेट नाही, काचेच्या खाली थेट रस्ता. पहिल्या खड्ड्याला कळलं की मी चाकावर बसलेय. शब्दशः. पुढचं चाक माझ्या सीटखाली होतं आणि प्रत्येक दगड माकडहाडाला येऊन सांगून जात होता. मी तक्रार केली तेव्हा ओजीसानांनी मला एक जुनी हकीकत ऐकवली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडते ती हीच.

१९९८ चा नवा खोका आला, टक्करीचे नियम कडक झाले, तेव्हा सुझुकी आणि होंडा दोघांनीही विचार केला की माणसाला चाकावर बसवायचं कशाला? पुढची चाकं पुढे सरकवली, दाराच्याही पुढे. दोन चाकांमधलं अंतर वाढलं, गाडी मोठ्या रस्त्यावर स्थिर चालायला लागली, खड्डे कमी बसायला लागले. कागदावर सगळं चांगलंच होतं. पण शेतकरी कुरकुरायला लागले. बांधाच्या कोपऱ्यावर गाडी एका दमात वळेना. जिथे आजोबांच्या काळापासून एका फेऱ्यात वळत होतं, तिथे मागे-पुढे, मागे-पुढे करावं लागायला लागलं, आणि एका बाजूला भाताचं पाणी, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत. शिवाय पायाशी चाकाचा फुगवटा आल्यामुळे गमबूट घालून पाय ठेवायला अडचण. मिकानच्या बागेत तर दोन भिंतींमध्ये गाडी आरामात बसावी अशाच वाटा पूर्वजांनी काढलेल्या. त्या वाटा नव्या गाडीसाठी रुंद कोण करणार, आणि कशाला? शेवटी कंपन्याच वाकल्या. सुझुकीने आखूड गाडी परत बाजारात आणली. होंडाने २००९ च्या ॲक्टी ट्रकमध्ये चाकं पुन्हा सीटखाली घेतली. २०१३ ची कॅरी तर ३.६ मीटरच्या त्रिज्येत वळते. तिला एखादं मध्यम अंगणही पुरतं. ही गोष्ट सांगताना ओजीसानांचा चेहरा असा होता की जणू त्यांनी स्वतः जाऊन कंपनीला समज दिली होती. मला विचाराल तर माकडहाडाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं होतं. पण बागेत गेल्यावर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून गाडी एका झटक्यात फिरली तेव्हा, मी गप्प बसले.

ट्रकचा हौदा हा तर स्वतंत्र विषय आहे. तिन्ही बाजूंची फळकुटं खाली पडतात, म्हणजे कॅरेट हवं त्या बाजूने सरकवता येतं. तळाची उंची जमिनीपासून ६५ सेंटिमीटरच्या आसपास, साधारण मांडीशी, म्हणजे ओझं खांद्यापर्यंत न्यावं लागत नाही. लांबी १९४ सेंटिमीटर. इथल्या बांधकामात प्लायवुडची फळी ९१ बाय १८२ ची असते, ती आडवी पडते आणि फळकूट लागतं. ड्रायव्हरच्या पाठीमागे लोखंडी कमान असते, शिडी टेकवायला आणि दोर बांधायला, तिला लोक देवळासमोरच्या कमानीचंच नाव देऊन 'तोरी' म्हणतात. मी या हौद्यात मिकान, शेणखत, सायकल, भाताची रोपं, एकदा एक थडग्याचा दगड आणि उन्हाळ्यातल्या उत्सवाला ढोल बघितलाय. तीस किलोच्या तांदळाच्या अकरा पिशव्या नियमात बसतात. बारावीला ३६० होतात.

आता जपानी शिस्तीचं कौतुक करणारा मेसेज लिहायला बसणाऱ्यांसाठी थोडी वाईट बातमी. जानेवारीत ओजीसानांनी बागेत टाकायला ओली माती आणली. हौदा शिगोशीग, माती फळकुटांच्या वर ढीग करून, मागचे पाटे सपाट झालेले, गाडीचं नाक वर. ३५०? माझा अंदाज त्याच्या दुप्पट. मी फळकुटावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. ओजीसान म्हणाले, "माती कोण मोजतं?" आणि फावडं माझ्या हातात दिलं.

तर मग कॅरेट का उतरवलं? मी बरेच दिवस हे धरून बसले होते. कारणं हळूहळू, तुकड्यातुकड्यांत मिळाली. माती दोन बागांमधून, सपाट वाटेने आली होती. कॅरेटांची गाडी मात्र शेडवरून पुढे सहकारी संघाच्या निवड केंद्राकडे जाते, वाटेत हायवे आहे आणि तीव्र उतार आहे. ही गाडी स्वतः सातशे किलोच्या आतबाहेर, म्हणजे तिने स्वतःच्या निम्मं वजन आधीच पाठीवर घेतलेलं. ब्रेक आखले गेले ते त्या वजनासाठी. काही वर्षांपूर्वी त्या उतारावर एका गाडीचं काय झालं होतं हे त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की तिथे फेरी मारलेली बरी. आणि एक कारण अगदीच साधं: कॅरेटं मोजता येतात, त्यामुळे ती मोजली जातात. मला हे पटतं आणि नाहीही पटत. आपल्याकडे टाटा एस बनवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की पाऊण टन लिहिलं तरी लोक दीड टन भरणार, आणि म्हणून गाडीचा सांगाडा त्या बेताने जाड ठेवावा लागला. म्हणजे आपला इंजिनिअर माणसाच्या सवयीसाठी लोखंड घालतो, आणि इथला इंजिनिअर सवय कायद्यात आहे असं धरून लोखंड काढतो. यात शहाणपण कोणाकडे आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. छोटा हत्ती मला आवडतो. त्याने खेड्यांत जेवढी घरं उभी केली तेवढी कुठल्या योजनेने केली नसतील. त्याच्या पाठीवर उसाची मोळी बघितली की मात्र मला ड्रायव्हरच्या पायाखालचा ब्रेक आठवतो. पूर्वी आठवत नव्हता.

आमच्यापासून थोडं उत्तरेला, आइची प्रांतात शिनशिरो गाव आहे. तिथे महिन्यातून एका रविवारी छोट्या ट्रकांचा बाजार भरतो. दुकानं बंद पडलेल्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रक उभे राहतात, फळकुटं पडतात आणि हौदा हेच दुकान. इवातेमधलं शिझुकुइशी, मियाझाकीमधलं कावामिनामी आणि हे शिनशिरो, देशातले तीन मोठे छोट्या-ट्रकांचे बाजार मानले जातात. मी लोणची घ्यायला जाते. मुळ्याची, सालीसकट, मीठ आणि कोंड्यात मुरलेली. विकणाऱ्या बहुतेक बायका, आणि बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्या. २०१४ मध्ये दाइहात्सुने हायजेट बऱ्याच रंगांत आणली, शेती करणाऱ्या तरुण बायकांना समोर ठेवून, उन्हाने चेहरा करपू नये म्हणून काचांचाही विचार करून. कल्पना मला मनापासून आवडली होती. पण त्या बाजारात मी रंगीत गाड्या शोधल्या तर अगदी थोड्या दिसल्या, आणि तरुण बायका त्याहून थोड्या. रिकामी घरं त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी आहेत. ट्रक येतात म्हणून महिन्यातून एका सकाळी तिथे गजबज असते. गाडी छोटी ठेवली, वाटा तशाच ठेवल्या, सगळं माणसाच्या मापाचं ठेवलं, आणि मग माणसंच निघून गेली. याचं खापर मी ट्रकवर फोडत नाही.

निघून गेलेल्या गाड्यांचीही एक वेगळीच वाट आहे. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी गाडी बाहेरून आणायला मोकळीक आहे, आणि तिथल्या लोकांना या छोट्या ट्रकांचं वेड लागलंय. तिकडचा पिकअप म्हणजे चाकांवरचा बंगला, त्याच्या शेजारी ही गाडी उभी केली की लोक फोटो काढतात. काही राज्यांनी तर तिची नोंदणीच नाकारली, रस्त्यावर सुरक्षित नाही म्हणून. ओजीसानांकडेही एक दलाल येऊन गेला. शेडमध्ये त्यांची त्याआधीची कॅरी धूळ खात पडली आहे, तिच्यासाठी. अमेरिकेत तिच्यात काय भरणार, असं त्यांनी विचारलं. दलाल म्हणाला, काही नाही, शौक म्हणून घेतात. ओजीसानांनी चहा दिला, मिकानची पिशवी दिली आणि गाडी काही दिली नाही. मला वाटलं होतं की भावनेपोटी. नंतर कळलं, तिचे टायर समोरच्या सांबरवाल्याला विकायचं आधीच ठरलं होतं.

सध्या त्यांच्या घरात वेगळाच वाद पेटलाय. पंचाहत्तरीनंतर लायसन्स नवं करताना स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. ती ते उत्तम पास होतात. पण मुलीचं म्हणणं, आता गाडी बंद. बातम्यांत रोज कोणीतरी आजोबा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून दुकानात घुसलेले असतात. या दोघांमध्ये ठरलं ते असं: मोटार विकायची, ट्रक ठेवायचा, पण ट्रक नवा घ्यायचा, आपोआप ब्रेक लागणारा. छोट्या ट्रकांत ही सोय पहिल्यांदा दाइहात्सुने २०१८ मध्ये हायजेटला दिली. म्हणून मुलीने हायजेटचं पत्रक आणलं, आणि ओजीसानांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचून बाजूला ठेवलं. हामामात्सुचा माणूस, दाइहात्सु घेणार? कॅरीलाही आता ते सगळं मिळतं. मग प्रश्न आला क्लचचा. ऑपरेशन झालेला गुडघा डावा. मुलगी म्हणाली, ऑटोमॅटिक. ते म्हणाले, ऑटोमॅटिक गाडी बागेत चढत नसते. मी मध्ये नाक खुपसून सांगितलं की कॅरीला २०१४ मध्ये बिनक्लचची जी पद्धत पहिल्यांदा बसवली, ती त्याच वर्षी आधी भारतात, सेलेरिओत आली होती, आणि माझ्या वडिलांनी तिच्यावरून महाबळेश्वरचा घाट चढलाय. ओजीसान बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तुझे वडील काय भरून नेत होते?" "आईला," मी म्हटलं.

शेवटी फॉर्म भरला गेला. ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर, चिखलातून निघायची सोय, रंग पांढरा. रंगाबद्दल कोणी विचारलंही नाही. आता पंचाईत तारखांची. केई गाडीचा वर्षाचा कर १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याला येतो. तेरा वर्षांहून जुन्या ट्रकला ६००० येन, नव्याला ५०००. जुनी गाडी ३१ मार्चच्या आत नावावरून उतरवलीच पाहिजे, यावर ओजीसान अडून बसलेत, आणि नवी गाडी मिळणार मे महिन्यात. एप्रिलभर खतं आणि औषधं बागेत कशी न्यायची, असं मी विचारलं. समोरचे गृहस्थ आपली सांबर द्यायला तयार आहेत, त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं, दोनदा. ओजीसान अजून हो म्हणालेले नाहीत. काल फाटकापाशी भेटले तेव्हा म्हणाले की एप्रिलमध्ये बागेत तसं फारसं काम नसतंच.